हिंदुरावाच्या गळ्यातला दोरा

दुपारचं जेवण झालं की माझे डोळे जड होतात. परसातल्या बाजेवर गोधडी घेऊन आडवी झाले आहे. सून भांडी घासतेय ते ऐकू येतं, मग ऐकू येईनासं होतं, आणि पायथ्याशी माझा धाकटा भाऊ हिंदुराव बसलेला असतो. त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

त्याच्या तोंडाकडे मला बघवत नाही, म्हणून पायाकडे बघते. कर्करोगानं खाल्लेला खालचा जबडा काढून डॉक्टरांनी तिथं त्याच्याच पायाचं हाड, मांसासकट, बसवलं होतं. त्या मांसाची शीर मानेतल्या शिरेला जोडली होती.

"लंगडतोय का बघतीस व्हय आक्का?"

"तू बोलतोस!"

"मग? पायाचं हाड तोंडात हाय. आता बोललो की लाथच बसायची."

मला हसू येतं. कुस्तीच्या मैदानात भोंग्यावरून कुस्त्यांचं वर्णन करताना तो असाच पंचक्रोशी हसवायचा, तंबाखूचा बार भरून. बार सोड म्हणून मी जन्मभर ओरडले. मेल्यानं ऐकलं नाही.

बाज आता दवाखान्यातली खाट आहे. परसातला शेवगा मात्र तिथंच उभा आहे, आणि त्याच्याखालून नर्स टॉर्च घेऊन येते. दर तासाला ती त्याच्या तोंडात उजेड पाडून नव्या मांसाचा रंग बघते.

"गुलाबी आहे. मावशी, मानेला काही घट्ट लागू देऊ नका हं. रक्त तिथूनच जातंय."

मी मान डोलावते. तिची पाठ वळते आणि मी गावदेवीचा भारलेला दोरा त्याच्या गळ्यात बांधून पट्टीखाली सरकवते. हिला काय कळतंय देवीचं!

"मग सूज चढली," हिंदुराव म्हणतो. त्याच्या हातात पाटी आहे. गळ्यात नळी होती, बोलता येत नव्हतं, म्हणून दिलेली. "मी काय लिवलं हुतं?"

"विसरले."

"खोटं बोलू नगंस."

दोरा काढ, असं लिहिलं होतं. मी ते पदरानं पुसलं.

मांस काळं पडलं तेव्हा दोरा गुपचूप कापला. एकोणिसाव्या दिवशी हिंदुराव गेला. त्याची बायको शेवंता डॉक्टरांच्या अंगावर धावून गेली, आणि मी तिच्याहून मोठ्या शिव्या दिल्या. ते पोरसवदा डॉक्टर खाली मान घालून ऐकत राहिले. मला अजून त्याची लाज वाटते.

"माया हुती रं माझी त्यात," मी म्हणते.

"व्हय. म्हणून तर गाठ पक्की बसली."

पायाखाली आखाड्याची तांबडी माती आहे. सगळं गाव बसलंय. हिंदुराव माईक माझ्या तोंडापुढं धरतो.

"सांग. शेवंता म्होरंच बसलीया."

मी माईक पदरानं झाकते. तो कंटाळून मान पुढं करतो.

"मग सोड तरी."

गाठ नखांना दाद देत नाही. मी दात लावते, सगळा जोर लावून ओढते.

"वन्सं! अवं वन्सं!"

शेवंता मला हलवतेय. ताकाचा तांब्या घेऊन आलीय बिचारी, दर गुरुवारी येते. गोधडीचा काठ माझ्या तोंडात आहे. शिवण उसवलीय, एक धागा दातात अडकलाय आणि हिरडीतून रक्त येतंय.

"काय सपान पडलं का? आ करा बघू, काढते मी."

तिचं बोट ओठापाशी येतं. मी तोंड घट्ट मिटून घेते.