हिंगणीच्या मावशीला फोन

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं गावपाहणीचे अहवाल कॉम्प्युटरवर लिहितात. त्या खोलीचा ऑपरेटर सिंदी मेघेहून येतो, चपला दाराबाहेर काढतो आणि कोणी "झालं" म्हटलं, की तो अहवाल कॉम्प्युटरकडूनच मोठ्यानं वाचवून घेतो. "डोयातून सुटलं तरी कानातून सुटत नाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

परवा हिंगणीचा अहवाल होता. मशीन वाचू लागलं: "ग्रामस्थांमध्ये शुद्ध पाण्याबाबत जागरूकतेचा अभाव आढळला."

त्यानं ते थांबवलं, हिंगणीच्या आपल्या मावशीला स्पीकरवर फोन लावला आणि तेच वाक्य तिला ऐकवलं.

"काय म्हनून राह्यली रे थे मशीन?"

"तुमाले चांगल्या पान्याचं समजत नाई म्हनते, मावशे."

"समजत काऊन नाई? हापशी बंद पडली हाये. सांग तिले, हापशी बंद हाये!"

वर्ग खदखदून हसला. मग जो तो आपला अहवाल ऐकायला धावला. अशी झुंबड मी त्या खोलीत कधी पाहिली नव्हती.

त्या वाक्याशेजारी सकाळी मीच 'उत्तम' असा शेरा टाइप केला होता. तो गुपचूप पुसायला उठले, तोच ऑपरेटर हौसेनं म्हणाला, "मॅडम, आता तुमचे शेरे आयकू?"