लिसी पालीला आली

मी हैदराबादला नोकरीला निघाले त्या सकाळी बाबांनी शिवणकामाचं दुकान उघडलं नाही. पालीच्या नाक्यावर कोल्हापूरची एसटी येईपर्यंत ते माझ्या बॅगेवर हात ठेवून उभे होते. गाडी दिसल्यावर म्हणाले, "तिथं तुझी विचारपूस करणारं कोण भेटतंय ते आधी बघ, बाय. बाकीचं मागाहून." आई नाक्यावर आलीच नाही. आंबा घाट चढेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. आता वाईट वाटेल, मग वाटेल, असं म्हणता म्हणता घाट संपला.

तुमच्यातले जे गाव सोडून बाहेर पडले त्यांना हे ठाऊक असेल. जे मागे राहिले त्यांना कदाचित पटणार नाही.

रत्नागिरीत मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करायचे. हैदराबादच्या विद्यापीठाची लायब्ररी स्वतःच जर्नल काढते, म्हणजे संशोधकांचे लेख तपासून, नीट मांडून, कुणालाही फुकट वाचता येतील असे ऑनलाइन प्रसिद्ध करते. त्या कामाला मी एकटी. लायब्ररीतले मला प्रेसवाली समजायचे आणि विद्यापीठाच्या प्रेसमधले लायब्ररीवाली. आईला समजावता समजावता मी "कॉम्प्युटरवर छापायचं काम" एवढ्यावर यायचे. त्यावर ती विचारायची, "जेवलीस काय गो?"

पहिल्या वर्षी सॉफ्टवेअर अडलं की मी तासन्‌तास स्क्रीनकडे बघत बसायचे. शेवटी एका ऑनलाइन प्रशिक्षणात कळलं की माझ्यासारखी एकेकटी माणसं ठिकठिकाणी आहेत. कोचीची लिसी, बडोद्याचा मेहुल, गुवाहाटीची रीमा. आम्ही ग्रुप केला. महिन्यातून एकदा मीटिंग. लेखकाने मध्येच लेख मागे घेतला तर काय करायचं, संपादक उत्तरच देत नसेल तर कुणाला धरायचं, असल्या गोष्टी आम्ही एकमेकांना विचारायचो. घरच्या गोष्टी फार निघायच्या नाहीत. प्रत्यक्ष कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं.

बाबा गेले तेव्हा जर्नलचा अंक अर्धा झाला होता. त्यात लेख आल्याशिवाय काही मुलामुलींचे प्रबंध पुढे सरकणार नव्हते, आणि आमचं जर्नल बंद करायचं का, याचीही वर चर्चा चालू होती. साहेबांना फोन केला. वाईट झालं म्हणाले आणि लगेच विचारलं, अंकाचं कसं करणार. मी बघते म्हटलं. मग बसस्टँडवर बसून ग्रुपवर लिहिलं, "वडील गेले. अंक अर्धा आहे."

लिसीचं उत्तर आलं. "साहेबांना सांगून आमची नावं सिस्टीमला जोड, अंक आम्ही काढतो. तू घरी जा."

मी तसं केलं आणि फोन बंद केला.

पालीला माणसांनी घर भरलं होतं. मुंबईहून काका आले, पूर्णगडहून आत्या आली. ती गळ्यात पडून रडली. मी तिची पाठ थोपटत राहिले. सगळे म्हणाले, पोर खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. मला चहा गोड लागत नव्हता की कडू.

दिवसकार्याच्या आदल्या दिवशी लिसी दारात उभी राहिली. मुंबईला कामासाठी निघाली होती, माझ्या ऑफिसातून पत्ता घेऊन वाटेत रत्नागिरी स्टेशनला उतरून रिक्षाने पालीपर्यंत आली होती. स्क्रीनवर पाहिलेला चेहरा, पण बाई माझ्या कल्पनेपेक्षा खूप बुटकी निघाली. हिंदीत म्हणाली की अंक काल ऑनलाइन लागला, मेहुल आणि रीमाने सगळी प्रुफं वाचली, काही राहिलेलं नाही. तिने फोन माझ्यापुढे धरला. पानं बरोबर होती, नावं बरोबर होती. मी थँक्यू म्हटलं. बँकेत म्हणावं तसं.

ती पडवीत बसली. आई उद्याच्यासाठी तांदूळ निवडत होती. लिसीने तिच्या पुढ्यातलं दुसरं सूप ओढलं आणि निवडायला लागली. आई मराठीत बोलत होती, ती मल्याळीत हूं-हूं करत होती. मी खांबाला टेकून बसले. जेव, झोप, मोकळी हो, रड, यातलं काही ती मला म्हणाली नाही.

ती गेल्यावर आईने विचारलं, "कोण गो ही तुझी?"

"आम्ही सारखंच काम करतो."

"एका हापिसात?"

"नाही. एका गावातपण नाही."

आईने निवडलेले तांदूळ डब्यात ओतले. मग म्हणाली, "तरी एवढ्या लांब आली. मग माझी काळजी करू नको. तू जा हैदराबादला."

मी तिला बरोबर चल म्हणाले होते. ती आली नाही. दुकान आता काकांनी कुणाला तरी चालवायला दिलंय. सुट्टीत जाते तेव्हा पालीचं घर तसंच असतं, आणि मी पाहुणी असल्यासारखी पाणी मागते. इथली हैदराबादची खोली भाड्याची. भिंतीवर मी अजून काही लावलेलं नाही.

दर महिन्याला मीटिंग असते. कधी कधी माझ्याकडे बोलायला काहीच नसतं. मी कॅमेरा चालू ठेवून नुसती बसते. ते कामाचं बोलत राहतात, मधूनच कुणी माझं मत विचारतं, नाही दिलं तर पुढे जातात. घर म्हणून आता माझ्याकडे एवढंच आहे. मीटिंग संपली की प्रत्येकजण आपापल्या गावात बटण दाबतो, आणि मी शेवटपर्यंत थांबते.