दाराशी ठेवलेला आवाज

टीव्ही दुरुस्त करण्यात काकांचा जन्म गेला. आमच्या मजल्यावर सगळे त्यांना टीव्हीवाले काकाच म्हणत. काकू शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग मुलीचं नाव. एका दुपारी त्या शाळेत जायला म्हणून निघाल्या आणि दोन तासांनी बस डेपोत सापडल्या, अनवाणी. काका मागच्या खोलीत सोल्डरिंग करत होते. त्यांना कमी ऐकू येतं. दार वाजलेलं कळलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांनी हालचाल टिपणारा सेन्सर आणला. त्याच्या तीन वायरी एका छोट्या बोर्डाला जोडल्या आणि बोर्ड मुलीच्या जुन्या लॅपटॉपला. प्रोग्रॅम मुलीने फोनवरून ओळ न् ओळ सांगितला. दाराजवळ कुणी आलं की मागच्या खोलीत दिवा लागे आणि दाराशी ठेवलेला लॅपटॉप भोंग्यासारखा बोंबले. पहिल्याच दिवशी काकू इतक्या दचकल्या की भिंतीला टेकून रडायला लागल्या.

काकांनी भोंगा काढला. लग्नानंतर टेपरेकॉर्डर दुरुस्त करताना गंमत म्हणून भरलेली एक कॅसेट त्यांच्याकडे होती. तिच्यातलं स्वतःच्या तरुणपणीच्या आवाजातलं एक वाक्य त्यांनी लॅपटॉपमध्ये घातलं, "थांब गं, मी आलोच."

मात्रा लागू पडली. काकू थांबू लागल्या. मी एकदा पेपर परत द्यायला गेले, तर त्या दाराशी केस सारखे करत उभ्या.

"आमचे हे येतायत," त्या लाजून म्हणाल्या.

तेवढ्यात काका धावत आले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. "तुम्ही नाही हो. ते."

काका आत गेले. नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले. मग मला म्हणाले, "ती वाट बघते तो तिशीतला आहे गं. मी कुठला त्याला पुरा पडणार!"

मुलगी म्हणाली, आवाज बंद करा, बाबा. त्यांनी ऐकलं नाही. उलट कामाचं टेबल उचलून दाराशी आणलं.

"कोण तुम्ही?" काकू विचारत.

"मेकॅनिक."

"बसा. हे येतीलच इतक्यात."

"बसतो."

असे सात महिने गेले. मग काकूंना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये त्यांनी काकांचा हात सोडला नाही. त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी नर्सला म्हणाल्या, "हा मेकॅनिक फार चांगला माणूस आहे. हे आले की सांगा त्यांना."

"सांगतो," काका म्हणाले.