मागाचा दोष नव्हता

आज सकाळी अमरधाममध्ये माझी एक किडनी जळाली.

दुसरी माझ्याजवळ आहे, म्हणून हे टाइप करतोय.

माझा दादा गेला. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, किडनी शेवटपर्यंत छान चालू होती. ऐकून मला बरं वाटलं. असं वाटावं की नाही, कळत नाही.

दादाला कमी ऐकू येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. किडनीचं फार थोड्यांना. म्हणून लिहितोय.

सत्तरच्या दशकात आम्ही नाशिकला पंचवटीत राहायचो. आईचं माहेर येवल्याचं, पैठणी विणणारं. शाळा सोडून दादा मामांकडे मागावर बसायला गेला.

दोन-तीन वर्षांत त्याचे कान गेले.

कोणालाच नवल वाटलं नाही. मामाही बहिरेच होते. आई म्हणायची, "दिवसभर खटखट, खटखट. मागानं कान खाल्ले माझ्या पोराचे."

मला शंका फार. मी विचारलं, "आई, मामी पण त्याच खोलीत बसून रेशमाच्या कांड्या भरतात. त्यांना तर शेजारचं दूध उतू गेलेलं ऐकू येतं."

"बायकांचे कान घट्ट असतात. लय ऐकून घ्यायची सवय असते."

विषय संपला.

पुढे मामा अंगावर सूज येऊन गेले. कान मागामुळे गेले आणि सूज नशिबामुळे आली, असं आम्ही धरलं. दोन वेगळी दुखणी.

ऐंशीच्या दशकात दादाचे पाय सुजायला लागले. मग चेहरा. लघवी चहासारखी.

प्रत्येक डॉक्टर विचारायचे, "घरात कोणाला किडनीचा आजार?"

आई म्हणायची, "नाय."

ती खोटं बोलत नव्हती. मामांना काय झालं होतं, ते आम्हाला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

मग नाशिकलाच एक नवीन डॉक्टर भेटले. बोलता बोलता ते कागद शोधायला वळले, आणि दादा उत्तर द्यायचा थांबला. ते परत समोर आले, तो परत बोलायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "हे ओठ वाचतात?"

आई म्हणाली, "मागावर बसायचा ना साहेब. आमच्याकडं बहिरे असतातच."

"सगळेच?"

मी म्हणालो, "नाही साहेब. बायका नाही. मामी तिथेच बसतात, त्यांना सगळं ऐकू येतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मामांचं विचारलं. ते कसे गेले, तेही विचारलं.

मग म्हणाले, मागाचा काही दोष नाही. कान आणि किडनी, दोन्हीला एकच आजार. दुर्मिळ आहे. आईकडून मुलाकडे येतो, पण प्रत्येक मुलाकडे नाही.

आजाराचं नाव अल्पोर्ट. मी नववीत शाळा सोडलेला, पाट्या रंगवणारा माणूस. एकेक अक्षर विचारून घेतलं.

दादाच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. डायलिसिस मुंबईला. आणि घरातल्या कोणीतरी एक किडनी दिली तरच पुढचं आयुष्य.

वडील नव्हते. उरलो आई आणि मी.

आई लगेच म्हणाली, "माझी घ्या."

आम्हा दोघांची लघवी तपासली. रिपोर्ट यायच्या आधी मी मनगटी घड्याळ या कानाला, त्या कानाला लावून बघत बसायचो. टिकटिक येतेय का. मग वाटायचं, येतेय की नुसती आठवतेय?

माझी लघवी साफ निघाली. रक्तगटही दादाशी जुळला.

आईच्या लघवीत रक्त निघालं. डोळ्यांना न दिसणारं, मायक्रोस्कोपखाली दिसणारं. डॉक्टर म्हणाले, तिची किडनी घेणं तिलाही धोक्याचं, त्यालाही.

आई म्हणाली, "दुखणं माझ्याकडनं जातं, मग किडनी का जात नाय?"

डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट घडी करून फाईलमध्ये ठेवला.

आता मीच. आणि मी तर सुई बघितली की भिंतीला टेकणारा.

डॉक्टरांना मी शंभर प्रश्न विचारले. एका किडनीवर जड उचलता येतं का? शिडीवर चढता येतं का? शेवटी विचारलं, "धावता येतं का?"

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "आत्तापर्यंत कधी धावलास रे?"

डॉक्टर हसले. मी पण. त्याच दिवशी हो म्हटलं.

नंतर दादा एकटा भेटला तेव्हा म्हणाला, "भीती वाटत असेल तर नाही म्हण. मी रागावणार नाही."

मी म्हटलं, "भीती वाटतेय. पण नाही म्हणायची जास्त वाटतेय."

ऑपरेशन मुंबईला झालं. माझं आधी, त्याचं नंतर. शुद्धीवर आल्यावर दादा एवढ्या मोठ्याने ओरडला, "झाली! लघवी झाली रे!" बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. म्हणे, सगळा मजला हसला.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, कान परत येणार नाहीत. आले नाहीत.

आईला भेटायला सोडलं, तेव्हा मी बाजूच्या खुर्चीत होतो. ती त्याच्यासमोर बसली. तोंडाला पदर न लावता, त्याला ओठ दिसतील अशी.

म्हणाली, "माझ्यामुळं झालं रे हे सगळं."

दादा म्हणाला, "काय?"

"माझ्यामुळं झालं."

"ऐकू येत नाही गं."

तिने तिसऱ्यांदा म्हटलं, सावकाश. दादाने मान हलवली. "छे. काहीच कळत नाही. जाऊ दे."

आई रडता रडता हसायला लागली. मला म्हणाली, "कान पार गेले याचे."

दादाला पहिल्या वेळीच कळलं होतं. मला दिसत होतं. पुढे आई होती तोवर तिने जेव्हा जेव्हा हे काढलं, तेव्हा तेव्हा दादाला ऐकू आलं नाही.

दादा, तुझ्या धाकट्याचा तुला शेवटचा नमस्कार.