शहादेवच्या अंगठ्यावरची चार सिमकार्डं

नेकनूरच्या बसथांब्यासमोर शहादेवचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार भरून द्यायची, हा त्याचा मूळ धंदा. जोडीला मोबाईलची सिमकार्डं आणि रिचार्ज. माणूस अबोल. बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक लेक मंजुषा पाटोद्याला दिलेली. दुपारी सासू झोपली की ती गच्चीवर जाऊन बापाला फोन करायची. आईजवळ बोलायच्या गोष्टीही त्याच्याजवळच बोलायची, कारण दुसरं कोणी नव्हतं. तो नुसतं हं हं करायचा. तिला तेवढं पुरायचं.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई आणि तिच्या टोळीतल्या तिघी दुकानात आल्या. नव्या सिमला अंगठा लागतो, आणि कोयता धरून धरून यांच्या बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. शहादेवने ओल्या फडक्याने अंगठे पुसून घेतले, तेलाचं बोट लावून पाहिलं. मशीन काही घेईना.

"जित्ती हाय का मेली तेबी कळंना व्हय मशिनीला!" वत्सलाबाई हसली. मग म्हणाली, "भाऊ, लेकरं हितं म्हातारीपाशी ठिवून चाललेव. कायबी करा, पन फोन लागला पायजे."

शहादेवने स्वतःचाच अंगठा टेकवला. चार वेळा. तिकडे सगळेच असं करत, त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलं नव्हतं.

कारखान्यावर त्यातल्या एकीचा फोन चोरीला गेला. तिने कोणाला सांगितलं नाही. तो नंबर पुढे कुठे फिरला, कोणी काय केलं, हे शहादेवला आजही माहीत नाही. मे महिन्यात दोन माणसं जीप घेऊन आली आणि त्याला शहरातल्या एका कार्यालयात घेऊन गेली. दोन दिवस विचारपूस झाली. त्याने अंगठ्याचं खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबाने फाईल मिटली. "जा घरी. तुमचं काही निघालं नाही."

दाराशी चहा ओतणारा शिपाई चांगल्या मनाने म्हणाला, "मामा, पोरीला एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवा. दोनदा पोट पडलं म्हंजी साधं न्हाई."

दुसऱ्या वेळचं मंजुषाने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त बापाला, फोनवर. शहादेवने हातातला चहा पिऊन टाकला आणि एसटी धरून घरी आला.

राग यायला हवा होता, तो आला नाही. अभिमन्यू वकिलाकडून त्याने अर्ज लिहून घेतला. प्रश्न एकच होता, माझा फोन अजून ऐकला जातो का? उत्तर आलं, माहिती देता येत नाही. अपील केलं. तेच वाक्य परत आलं.

"फोन ऐकायचा वरून लेखी हुकूम निघतो," वकील सांगू लागला. "तो बरोबर हाय का न्हाई, हे तीन मोठे साहेब बंद खोलीत बसून बघतेत. दोन महिन्याला एकदा."

"मला बोलवत्याल?"

"तुमी कशाला? कागद असतोय की."

"मंग त्यांनी काय ठरिवलं?"

"ते तुमाला सांगायचं नसतंय."

"चूक निघाली तर?"

"तरीबी न्हाई."

गावात कळलंच. शेजारी फळांचा गाडा लावणारा मुनव्वर म्हणाला, "शहादेव, सरकार ऐकतंय ना तुझं? मग ह्या खड्ड्याचं बोल की बे जरा! आमच्या अर्जाला तर कुत्रं इचारंना." ओट्यावरचे सगळे हसले. हसणारेच पुढे त्याच्या दुकानात आले की खिशातला फोन बाहेर काढेनासे झाले.

मंजुषाला सांगावं तर ती बोलायची थांबणार, आणि न सांगावं तर बोलतच राहणार. तो काहीच करत नव्हता. दिवाळीनंतर तिला पुन्हा दिवस गेले. ती भीत भीत सगळं सांगू लागली, की हा मध्येच पावसापाण्याचं विचारायचा.

"दादा, मी काय सांगतीय आन् तुमी काय इचारताव? माझं ओझं व्हायलंय का तुमाला?"

दुसऱ्या दिवशी तो पाटोद्याला गेला. घरात सासू होती. मंजुषा त्याला सोडायला स्टँडपर्यंत आली, तिथे त्याने सांगितलं.

"काय काय ऐकलं?"

"माहीत न्हाई."

"आजून ऐकतेत?"

"सांगत न्हाईत."

"तुमाला कवा कळलं?"

"उन्हाळ्यात."

मंजुषा फलाटावरच्या पाटीकडे बघत राहिली. "आन् मी तवापून बोलतच ऱ्हायले," ती म्हणाली. "तुमी बोलू दिलं."

गाडी लागली, तो चढला.

तिचा फोन अजून येतो, दुपारचाच. जेवलात का, जेवलो, तू, जेवले. एवढं झालं की दोघंही फोन ठेवतात. तिला मुलगी झाली ते जावयाने कळवलं. मंजुषा कशी आहे, हे विचारायला शहादेव दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने पाटोद्याला गेला.