पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी

माझी आत्या वीजकेंद्रात पावसाचं पाणी बाटलीत भरायची. एवढं सांगितलं की लोक हसतात. म्हणून आधी काम समजावून सांगते, मग हसायचं असेल तर खुशाल हसा.

वीजकेंद्राच्या मागच्या अंगाला कोळशाचं आवार आहे. दोन मजली ढीग, आणि त्यांच्या पलीकडे राखेचे ट्रक भरायची जागा. पाऊस पडला की या सगळ्यावरून वाहिलेलं पाणी गटारांतून एका तळ्यात येतं. गाळ तिथे खाली बसावा अशी अपेक्षा असते. वरचं पाणी तीन नंबरच्या तोंडातून कुंपणाबाहेरच्या ओढ्यात पडतं. ते सोडायला सरकारी परवाना लागतो, आणि परवान्यात अट अशी, की तोंडातून पाणी वाहायला लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात नमुना घ्यायचा. कारण उघड आहे. आठवडाभराची धूळ आणि राख पहिलं पाणीच धुऊन नेतं. नंतर येतं ते बऱ्यापैकी स्वच्छ असतं.

आत्याच्या आधी हे काम करणारे गृहस्थ पाऊस आला की आधी चहा घ्यायचे. मग दुसरा चहा घ्यायचे. मग छत्री शोधायचे. दोन तासांनी तोंडाशी पोचेपर्यंत पाणी काचेसारखं झालेलं असायचं. खात्यात त्याला ‘दुसऱ्या चहाचा नमुना’ म्हणत, आणि त्यावर सगळे खूश असत. आमचे साहेब तर फारच. ‘पाणी जरा निवळू द्या’ हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की पाठीमागे त्यांचं नाव निवळसाहेब पडलं होतं. त्यांची पत्रं टाइप करायचं काम माझं. मला तिथे चिकटवलं आत्यानेच.

ते गृहस्थ निवृत्त झाल्यावर काम आत्याकडे आलं. त्याआधी बावीस वर्षं तिने तिथल्याच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली होती. तिचं धुणं म्हणजे साधं काम नव्हे. साबण, मग तीनदा साधं पाणी, मग तीनदा शुद्ध केलेलं पाणी, मग उजेडाकडे धरून बघायचं आणि पालथं घालायचं. घरीही तेच. तिच्या घरी पेल्याला कुणी ओल्या हाताने शिवलं की संपलंच. माझे बाबा तिला चिडवायचे, “ताई, तुझ्याकडे पाणी प्यायलासुद्धा परवाना लागतो.” त्यावर ती म्हणायची, “तुला मिळायचा नाही.”

हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते याच हातांबद्दल झालं.

तिच्या हाती काम आल्यावर पहिला मोठा पाऊस एका दुपारी आला. आत्या गमबूट चढवून आठव्या मिनिटाला तीन नंबरच्या तोंडाशी होती. बाटलीत जे आलं त्याला पाणी म्हणायची लाज वाटावी. प्रयोगशाळेने सांगितलं, गाळ मर्यादेच्या सहापट. याचा अर्थ एकच होता, तळं लहान पडतंय आणि ते मोठं केलं पाहिजे. ओढ्याच्या काठी खाली एक रोपवाटिका आहे, तिथली माणसं हेच दोन वर्षं सांगत होती. आमच्याकडे त्यांच्या अर्जांची जाडजूड फाइल होती आणि निवळसाहेब तिच्यावर चष्मा ठेवायचे.

परवान्याची मुदत महिन्याभराने संपत होती. तपासणी होणार होती. साहेबांनी मला बोलावून मजकूर सांगितला: सदर नमुना कर्मचाऱ्याने बाटली नीट न धुतल्यामुळे दूषित झाला असून तो रद्द समजावा. खाली आत्याच्या सहीची जागा.

मी ते टाइप केलं. एकेक अक्षर. आजही आठवलं की स्वतःच्या बोटांचा राग येतो.

आत्याने कागद दोनदा वाचला.

“तू टाइप केलंस?”

“हो.”

“शुद्धलेखन बरोबर आहे,” ती म्हणाली आणि कागद परत दिला. “बावीस वर्षांत माझ्या बाटलीला कुणाला डाग दिसला नाही. आता ओढा काळा झाला, तर तोही माझ्या बाटलीमुळे? मी सही करणार नाही.”

साहेबांनी तिला तपासणीच्या दिवसापर्यंतची मुदत दिली. सही दिली नाही, तर कामातल्या हलगर्जीपणाबद्दल चौकशी लावणार, असंही सांगितलं. म्हणजे सही केली तर तिने आयुष्यभर धुतलेलं सगळं खोटं ठरणार आणि ओढ्यात काळं पाणी जातच राहणार. नाही केली तर निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना चौकशी. घाण करायची कुणी, आणि हात धुवायला शिकवायचं कुणाला! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तपासणीच्या दिवशी तीन आठवड्यांत पावसाचा थेंब पडलेला नव्हता. खरं तर गप्प बसले असते तर साहेब निभावून गेले असते. पण परवाना खात्याच्या बाई येणार म्हटल्यावर त्यांना आवार चकचकीत दिसायला हवं होतं. सकाळी आठ वाजता त्यांनी आग विझवायचे पाइप काढायला लावले आणि अख्खं आवार धुऊन घेतलं. रस्ते आरशासारखे झाले. धुतलेलं सगळं गेलं कुठे, हा प्रश्न एवढ्या शिकलेल्या माणसाला पडला नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. साडेनऊला तळं भरून वाहिलं आणि कोरड्या ठणठणीत उन्हात तीन नंबरच्या तोंडातून शाईसारखं पाणी पडायला लागलं.

आत्याला अट पाठ होती. तोंडातून पाणी आलं की नमुना. पावसाचं की पाइपाचं, हे ठरवणं तिचं काम नव्हतं. ती बाटली घेऊन गेली.

दहाला बाई आल्या. मी फाइली घेऊन मागे होते. साहेब त्यांना कचेरीत बसवायला बघत होते, पण त्या म्हणाल्या, आधी तोंड दाखवा. तिथे आत्या गमबुटात उभी, हातात काळी बाटली.

“पाऊस कधी पडला?” बाईंनी विचारलं.

“तीन आठवडे झाले.”

“मग हे पाणी कुठलं?”

“ते साहेब सांगतील. मी फक्त भरते.”

साहेब पुढे झाले. “मॅडम, यांच्या बाटल्यांवर जाऊ नका. नीट धुतलेल्या नसतात. तसं पत्र तयार आहे, फक्त सही राहिली आहे.”

बाईंनी आपल्या पिशवीतून सीलबंद बाटली काढली, चपला काठावर ठेवल्या, खाली उतरल्या आणि स्वतःच्या हाताने ती भरली. दोन्ही बाटल्या शेजारी धरल्या. दोन्ही सारख्याच काळ्या.

“ही माझी आहे,” त्या म्हणाल्या. “हीसुद्धा घाण होती, असं लिहून देता का?”

साहेबांनी दिलं नाही. आत्याच्या सहीचं पत्र मी त्याच दुपारी फाडलं, आणि सहा आठवडे आम्ही दोघी मान ताठ करून कामावर गेलो.

मग नवा परवाना आला. टपाल मीच उघडते. कंपनीला समज देण्यात आली होती, एका ओळीत. तळं मोठं करण्याचा विषय विचाराधीन होता. पहिल्या अर्ध्या तासाची अट कायम होती. आणि नमुन्यांबाबत वाद झालेला असल्यामुळे यापुढे नमुने बाहेरची त्रयस्थ एजन्सी घेणार होती. आत्या पुन्हा भांडी धुवायला. निवळसाहेब आपल्या खुर्चीत.

मी पत्ता पाहिला. एजन्सी शहरातली. पाऊस सुरू झाला की आम्ही फोन करायचा, मग त्यांची गाडी निघणार. रस्ता अडीच तासांचा.

प्रयोगशाळेत जाऊन मी तिला सगळं वाचून दाखवलं. हातातला चंबू उजेडाकडे धरून ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आणि गाडी येईपर्यंत पाऊस कोण धरून ठेवणार?”

मी ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं, खाली माझी सही केली आणि परवाना खात्याला पाठवलं. त्याला चार महिने झाले. तेवढ्या काळात पाऊस अकरा वेळा पडून गेला, आणि अकराच्या अकरा नमुने स्वच्छ आले.