‘घरी’मधली ई

माझ्या भाचीला गणिताची शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं. म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका इंग्रजी शाळेत मुलाखतीला तिच्यासोबत मी गेलो.

संस्थेचे अध्यक्ष आमच्यासारखेच ग्वाल्हेरचे मराठी. त्यांचे पूर्वज दरबारात होते, आमचे पलटणीत. हे कुणी विसरू नये म्हणून खुर्चीमागे त्यांचा स्वतःचा पगडीतला फोटो होता. पगडी बहुधा भाड्याची. कानांवर उतरली होती.

भाचीने अपूर्णांकांचा तास उत्तम घेतला. मग अध्यक्षांनी मलाही आत बोलावलं आणि तिला इंग्रजीत विचारलं, शाळा सुटल्यावर काय करशील?

“आय विल गो टु होम, सर.”

ते हसले. ते हसले म्हणून मुख्याध्यापिकाबाईही हसल्या.

“बेटा, स्कूलला टु लागतं, मार्केटला लागतं, होमला नाही. ये तो हमारा चपरासी भी जानता है.” मग माझ्याकडे वळून, “मामासाहेब, पलटणीतल्या लोकांना भाषेचं वळण कुठून येणार? असो. तुम्ही आता घर जा.”

घर जा. हिंदीत नुसतं ‘घर’ पुरतं, त्यामुळे हिंदीतून विचार करणाऱ्याचं ‘गो होम’ आपोआप बरोबर येतं. भाचीच्या तोंडी ‘घरी’ शाबूत होतं. त्या ईचं इंग्रजीत काहीतरी करायला हवं, म्हणून तिने ‘टु’ लावलं. चूक होतीच. पण मराठी येत असल्यामुळे झालेली चूक, आणि हसत होता मराठी विसरलेला माणूस.

“साहेब, ‘घरी जा’ म्हणतात,” मी म्हटलं.

“एकच झालं.”

“मग तिचंही एकच झालं.”

बाईंनी पंख्याकडे पाहिलं.

पाटणकर बाजारात पोचल्यावर भाची थांबली. मग म्हणाली, “मामा, मी उद्या परत जाऊन नोकरीचं विचारणार आहे. तुम्ही मत आना.”

“त्या माणसाकडे?”

“शाळा त्यांचीच आहे ना.”

ती गेली. रात्रभर ‘गो होम’ घोकून गेली. जागा भरली, असं त्यांनी तिला फाटकावरच कळवलं. आत बोलावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. गणिताचे शिक्षक हवेत, ही पाटी त्या फाटकावर आजही आहे. भाची आता दाल बाजारात एका दुकानाचा हिशेब पाहते. अध्यक्ष परवा एका समारंभात मराठीच्या रक्षणावर बोलले. हिंदीत.